मर्यादित वापरकर्ता खाते आणि सॉफ्टवेअरची स्थापना

मर्यादित वापरकर्ता खाते म्हणजे संगणकाच्या संचालन प्रणालीतील असे खाते, ज्यातून दैनंदिन काम करता येते. परंतु संपूर्ण यंत्रावर परिणाम करणारे बदल करता येत नाहीत. नवीन सॉफ्टवेअर बसवणे, मुद्रकाचा चालक घालणे, सर्वांसाठी टंक जोडणे किंवा प्रणालीच्या धारिका बदलणे ही कामे प्रशासक खात्यासाठी राखीव असतात. विंडोज एक्सपीमध्ये अशा खात्याला 'लिमिटेड अकाउंट' म्हणत. विंडोज व्हिस्टापासून त्याचे नाव 'स्टँडर्ड यूजर' झाले. युनिक्स आणि लिनक्स प्रणालींत 'रूट' सोडून इतर सर्व खाती मूलतः याच प्रकारची असतात.

शाळा, महाविद्यालये, शासकीय कार्यालये, सेवा केंद्रे आणि परीक्षा केंद्रे येथील संगणकांवर बहुधा अशीच खाती दिलेली असतात. यंत्राची सुरक्षितता हा त्यामागील हेतू असतो. प्रत्यक्षात मात्र ज्याला सॉफ्टवेअरची गरज असते त्याला ते बसवण्याचा अधिकार नसतो आणि ज्याच्याकडे अधिकार असतो तो जागेवर नसतो. मराठीच्या संदर्भात या अडचणीला आणखी एक पदर आहे. देवनागरी लिहिण्यासाठी लागणारा टंक आणि कळफलक हे दीर्घकाळ 'बाहेरून बसवायचे सॉफ्टवेअर' होते. त्यामुळे मर्यादित खात्यावर इंग्रजी लिहिता येई, पण राज्याच्या राजभाषेत लिहायचे तर परवानगी लागे.

पार्श्वभूमी

एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली, तेव्हाच एकाच्या धारिकांना दुसऱ्याने हात लावू नये हा प्रश्न उभा राहिला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील सीटीएसएस आणि त्यानंतरची मल्टिक्स या प्रणालींतून परवलीचा शब्द आणि अधिकारांची विभागणी या कल्पना पुढे आल्या. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात 'किमान अधिकाराचे तत्त्व' मांडले आहे. प्रत्येक आज्ञावलीला आणि प्रत्येक वापरकर्त्याला हातातील कामापुरतेच अधिकार असावेत, असे हे तत्त्व सांगते. आजच्या मर्यादित खात्याचा वैचारिक पाया हाच आहे.

घरगुती संगणकांनी हे तत्त्व बराच काळ बाजूला ठेवले. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणालींत संगणकापुढे बसलेली व्यक्ती हीच मालक, असे गृहीत होते. धारिकांवर अधिकार नोंदवण्याची सोयच त्यांच्या धारिका व्यवस्थेत नव्हती. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीत अधिकारांची पक्की रचना होती, परंतु ती कार्यालयांपुरती राहिली. २००१ मध्ये विंडोज एक्सपीने दोन्ही धारा एकत्र आणल्या. तेथेही प्रणाली बसवताना तयार होणारी खाती प्रशासकाचीच असत. परिणामी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी आपली आज्ञावली मर्यादित खात्यावर कधी तपासलीच नाही, आणि वापरकर्त्यांनी ते खाते कधी वापरलेच नाही. पुढील दहा वर्षांतील पुष्कळशा अडचणींचे मूळ या परस्परपूरक सवयीत सापडते.

२००७ मध्ये सर्वसाधारण विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टाने 'यूजर अकाउंट कंट्रोल' ही व्यवस्था आणली. प्रशासकालाही साध्या अधिकारांनिशी काम करायला लावायचे आणि मोठा बदल होताना पडदा अंधुक करून संमती मागायची, अशी तिची रीत होती. ती इतक्या वेळा विचारणा करी, की लोक न वाचताच होकार देऊ लागले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये तिचा आग्रह कमी करण्यात आला. युनिक्स जगतात 'सुडो' ही आज्ञा १९८० च्या सुमारास तयार झाली होती. २००४ मध्ये आलेल्या उबुंटूने रूट खाते बंद ठेवून तिचाच वापर प्रमाण मानला.

अडवणूक नेमकी कुठे होते

'बसवता येत नाही' या एका तक्रारीमागे तांत्रिकदृष्ट्या निरनिराळी कारणे असतात. सर्वांत साधे कारण जागेचे आहे. विंडोजमधील 'प्रोग्रॅम फाइल्स' आणि 'विंडोज' या संचिकांत लिहिण्याची मुभा मर्यादित खात्याला नसते. रजिस्ट्री या नोंदवहीचेही दोन भाग असतात, एक संपूर्ण यंत्राचा आणि दुसरा त्या त्या वापरकर्त्याचा. त्यांपैकी पहिला मर्यादित खात्याला केवळ वाचता येतो. चालक आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवा प्रणालीच्या गाभ्याशी जोडलेल्या असल्याने त्या बसवण्यास प्रशासकाशिवाय मार्ग नाही. अशा वेळी 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' हा त्रुटी क्रमांक ५ चा संदेश दिसतो, अथवा अधिक अधिकारांची गरज असल्याचे सांगणारा क्रमांक ७४० चा. दोन्ही संदेश इंग्रजीत असतात आणि पुढे काय करावे हे त्यांपैकी एकही सांगत नाही.

काही वेळा अडथळा केवळ नावामुळे येतो. व्हिस्टापासूनच्या विंडोज प्रणाली जुन्या पद्धतीच्या ३२-बिट आज्ञावलींच्या नावात 'सेटअप', 'इन्स्टॉल' किंवा 'अपडेट' असे शब्द आढळले, तर ती स्थापनेची आज्ञावली आहे असा तर्क करून प्रशासकाचा परवलीचा शब्द मागतात. प्रत्यक्षात ती आज्ञावली प्रणालीला हातही लावत नसली तरी हे घडते.

जुन्या सॉफ्टवेअरने आपली माहिती 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्येच साठवण्याची सवय ठेवली होती. ते मोडू नये म्हणून व्हिस्टाने एक तडजोड केली. अशी आज्ञावली निषिद्ध जागी लिहू लागली की प्रणाली ती धारिका गुपचूप त्या वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअल स्टोअर' या वैयक्तिक संचिकेत वळवते. आज्ञावलीला वाटते काम झाले. पण एकाच संगणकावर दोन लिपिकांची दोन खाती असतील, तर सकाळी एकाने भरलेली नोंद दुपारी दुसऱ्याला दिसत नाही. माहिती गहाळ झालेली नसते, ती दुसऱ्या खणात असते. हे ठाऊक नसलेल्या कार्यालयात तीच नोंद पुन्हा भरली जाते.

सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार प्रशासक प्रत्यक्ष मदतीला आल्यावर घडतो. वापरकर्त्याच्याच पडद्यावर प्रशासकाने स्वतःचे नाव आणि परवलीचा शब्द भरला, की स्थापनेची आज्ञावली प्रशासकाच्या खात्याखाली चालते. तिने 'सध्याच्या वापरकर्त्यासाठी' म्हणून केलेल्या मांडण्या, चिन्हे आणि कळफलकाच्या निवडी मग प्रशासकाच्या खात्यात जाऊन बसतात. तंत्रज्ञ निघून गेल्यावर शिक्षकाला किंवा लिपिकाला पडद्यावर काहीच दिसत नाही. 'बसवले आहे' हे तंत्रज्ञाचे म्हणणे आणि 'दिसत नाही' हे वापरकर्त्याचे म्हणणे दोन्ही खरी असतात.

संगणक प्रयोगशाळांत आणखी एक उपाय योजला जातो. 'डीप फ्रीझ' सारखी सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना त्याला ठरावीक मूळ स्थितीत परत आणतात. मायक्रोसॉफ्टनेही याच हेतूने 'स्टेडीस्टेट' हे साधन दिले होते. ते २०१० च्या अखेरीस मागे घेण्यात आले. अशा यंत्रावर विद्यार्थ्याने जोडलेला टंक दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो, आणि कित्येकदा त्याच संचिकेत ठेवलेले त्याचे प्रकल्पाचे लेखनही.

मराठी टंक आणि कळफलक

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार मराठी ही राज्याची राजभाषा आहे. संगणकावर ती लिहिण्याचा मार्ग मात्र दीर्घकाळ खासगी किंवा निमसरकारी सॉफ्टवेअरमधून जात होता. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅकचे 'आयएसएम', मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी', तसेच 'शिवाजी', 'कृतिदेव', 'सुरेख' अशा नावांचे टंक कार्यालयांत आणि छापखान्यांत रूढ झाले. या व्यवस्थेत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. टंक असेपर्यंत मजकूर मराठी दिसे. टंक नसलेल्या संगणकावर तीच धारिका उघडली की रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा अर्थहीन ढीग दिसे.

मर्यादित खात्याशी हा प्रश्न येथे थेट जोडला जातो. विंडोजमध्ये टंक 'फॉन्ट्स' या प्रणालीच्या संचिकेत बसवावा लागे आणि ती प्रशासकाच्या ताब्यात असे. म्हणजे वरिष्ठ कार्यालयाकडून आलेले परिपत्रक जुन्या टंकात असेल, तर ते केवळ वाचण्यासाठीही तालुक्याच्या ठिकाणच्या लिपिकाला प्रशासकाची गरज पडे. लिहिणे पुढचेच. ही स्थिती बदलण्यास बराच काळ लागला. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून साध्या वापरकर्त्याला स्वतःपुरता टंक बसवता येऊ लागला. तेव्हाही असा वैयक्तिक टंक काही जुन्या आज्ञावलींना दिसत नाही आणि त्याच संगणकावरील दुसऱ्या खात्याला तर नाहीच. लिनक्समध्ये वापरकर्त्याच्या गृहसंचिकेतील ठरावीक जागी टंकाची धारिका ठेवली की काम भागते. ही सोय तेथे पूर्वीपासून आहे.

युनिकोडमुळे टंकाचा प्रश्न बराच सुटला, असे म्हणता येते. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत होता, आणि विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी टंक येऊ लागला. परंतु विंडोज एक्सपीमध्ये जोडाक्षरे आणि मात्रा नीट मांडणारी जटिल लिपींची सोय मुळात बंद असे. ती सुरू करायला 'रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' मध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, प्रशासकाचे अधिकार लागत आणि बहुधा विंडोजची मूळ सीडीही. सीडी विक्रेत्याकडे राहिलेली, परवलीचा शब्द तंत्रज्ञाकडे राहिलेला आणि पडद्यावर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला पडलेली, हे चित्र त्या काळी दुर्मीळ नव्हते. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरी ती प्रणाली अनेक ठिकाणी त्यानंतरही चालू राहिली. व्हिस्टापासून ही सोय आपोआप मिळू लागली.

उरला कळफलक. विंडोजमध्ये अंगभूत असलेला मराठी कळफलक इन्स्क्रिप्ट मांडणीचा आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात या मांडणीचा समावेश आहे, आणि मर्यादित खात्यातूनही ती आपल्यापुरती जोडता येते. अडचण अशी की राज्यातील टंकलेखकांची एक संपूर्ण पिढी रेमिंग्टन यंत्राच्या मांडणीवर तयार झालेली आहे, तर तरुण वर्गाला रोमन अक्षरांतून उच्चारानुसारी मराठी लिहिण्याची सवय आहे. या दोन्ही मांडण्यांसाठी पूर्वी बाहेरचे सॉफ्टवेअर लागे. बराहा, मायक्रोसॉफ्टचे इंडिक इनपुट टूल, गूगलचे इनपुट साधन यांची डेस्कटॉप रूपे प्रशासकाचे अधिकार मागत. मे २०१९ च्या विंडोज १० अद्ययावत आवृत्तीत मराठीसह दहा भारतीय भाषांचे उच्चारानुसारी कळफलक अंगभूत आले. रेमिंग्टनवाल्यांना मात्र आजही बाहेरच्या सॉफ्टवेअरचाच आधार आहे. नियमाप्रमाणे शिकलेल्याला सोय आणि यंत्रावर हात बसलेल्याला गैरसोय, असा हा उलटा न्याय आहे; कारण कार्यालयांत वेगाने मराठी टंकलेखन करणारे बहुधा दुसऱ्याच गटातले असतात.

भ्रमणध्वनीमुळे ही विसंगती अधिक ठळक झाली. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप स्वतःच्या वेगळ्या खात्यात बंदिस्त चालत असल्याने ते बसवण्यास प्रशासक लागत नाही. खिशातल्या फोनवर मिनिटभरात मराठी कळफलक घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतील कितीतरी मोठ्या संगणकावर तेच करू दिले जात नाही. कारण समजावून सांगितले नाही, तर त्याला ते निव्वळ आडमुठेपणाचे वाटते.

आरमोरी आणि गडचिरोली परिसर

आरमोरी हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वैनगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. टसर रेशमासाठी, म्हणजेच कोशासाठी ते ओळखले जाते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. जवळचे रेल्वे स्थानक वडसा, म्हणजेच देसाईगंज. आरमोरी हे नागपूर आणि गडचिरोली यांना जोडणाऱ्या मार्गावर असल्याने जिल्ह्याच्या दक्षिणेकडील भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंचा या तालुक्यांच्या तुलनेत त्याची स्थिती बरी आहे. तरीही संगणकाच्या बाबतीत अंतर हा घटक येथे शहरापेक्षा वेगळ्या रीतीने काम करतो.

मर्यादित खात्याची सारी रचना एका गृहीतकावर उभी आहे: प्रशासक हाकेच्या अंतरावर आहे. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात दूरध्वनी केला की तंत्रज्ञ वरच्या मजल्यावरून येतो, किंवा जाळ्यावरून दूरस्थपणे परवानगी देतो. जंगलव्याप्त तालुक्यात तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणाहून किंवा नागपुराहून यायचा असतो. दूरस्थ मदतीसाठी वीज आणि इंटरनेट दोन्ही एकाच वेळी चालू असावे लागतात. शिवाय पावसाळ्यात वैनगंगा आणि तिच्या उपनद्यांना पूर आला की रस्ते बंद पडतात. पाच मिनिटांचे काम अशा वेळी आठवड्यावर जाते. येथे गैरसोय सॉफ्टवेअरमुळे होते की भूगोलामुळे, हे वेगळे काढता येत नाही.

या विलंबाची किंमत बहुधा तिसराच कोणीतरी मोजतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र आणि अधिवास प्रमाणपत्र यांसाठी ग्रामीण विद्यार्थी आपले सरकार सेवा केंद्रांवर अवलंबून असतात. प्रवेशाच्या मुदती जून ते ऑगस्ट या काळात एकवटतात, आणि नेमक्या याच काळात पूर आणि खंडित वीजही असते. स्कॅनरचा चालक अद्ययावत करायला परवलीचा शब्द हवा आणि तो केंद्रचालकाकडे नाही, एवढ्या कारणाने अर्ज दुसऱ्या दिवसावर गेला तरी रांगेतल्या पालकाची मजुरी आणि बसभाडे पुन्हा जाते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. मात्र ही मुदत अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. अर्ज दाखलच न होऊ शकल्याचा वेळ त्यात धरला जात नाही.

गोंडवाना विद्यापीठाची स्थापना २०११ मध्ये गडचिरोली येथे झाली. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. ज्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा संगणक नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयाची प्रयोगशाळा हीच संगणकाची एकमेव जागा असते. पायथन, जावा किंवा विदागार शिकताना लागणारी प्रत्येक साधनप्रणाली आधीच बसवलेली असेल तर प्रश्न येत नाही. अभ्यासक्रम बदलला आणि यंत्रे जुन्याच स्थितीत राहिली, तर प्रात्यक्षिक पुस्तकातून वाचावे लागते. घरी संगणक असलेल्या शहरी विद्यार्थ्याला ही मर्यादा जाणवतही नाही. एकच नियम दोघांवर सारखा लागू होतो आणि त्याचा परिणाम सारखा होत नाही.

जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी आणि माडिया या भाषा बोलल्या जातात. गोंडीचे लेखन येथे बहुधा देवनागरीत होते. तथापि बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली मसराम गोंडी लिपी जून २०१७ मध्ये युनिकोडच्या १०.० आवृत्तीत आणि आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांवरून ओळखली जाणारी गुंजाळा गोंडी लिपी जून २०१८ मध्ये ११.० आवृत्तीत समाविष्ट झाली. गूगलच्या नोटो टंकसंग्रहात दोन्ही लिपींचे मुक्त टंक उपलब्ध आहेत. परंतु ते सर्वसाधारण संगणकावर आधीपासून नसतात. म्हणजे मराठी ज्या टप्प्यावर २००० च्या सुमारास होती, त्याच टप्प्यावर गोंडी लिपी आज आहे: लिपीला क्रमांक मिळाले, टंक तयार झाला, पण शाळेच्या संगणकावर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसतात, आणि त्या चौकटी भरायला कोणाचातरी परवलीचा शब्द लागतो.

डिजिटल स्वाक्षरी आणि मुद्रक

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. तलाठी, ग्रामसेवक आणि तहसील कार्यालयातील अधिकारी यांच्या स्वाक्षऱ्या यूएसबी टोकनमध्ये असतात. टोकनचा चालक बसवायला प्रशासकाचे अधिकार लागतात. सुरुवातीला संकेतस्थळावर स्वाक्षरी करण्यासाठी जावा अ‍ॅप्लेट वापरले जाई. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोम न्याहाळकाच्या ४५ व्या आवृत्तीने अ‍ॅप्लेट चालवणारी जोडणी पूर्णपणे काढून टाकल्यावर स्वाक्षरीसाठी संगणकावरच चालणारी स्वतंत्र सहायक आज्ञावली बसवण्याची पद्धत आली. तिच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर परवलीच्या शब्दाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मुद्रकाच्या बाबतीत २०२१ हे वर्ष त्रासदायक ठरले. विंडोजच्या मुद्रण सेवेतील 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ओळखली गेलेली त्रुटी त्या वर्षी उघड झाली. १० ऑगस्ट २०२१ च्या अद्ययावतीकरणानंतर जाळ्यावरील मुद्रकाचे चालक बसवण्यास प्रशासकाची आवश्यकता लागू करण्यात आली. तोपर्यंत विनातक्रार चालणाऱ्या कित्येक कार्यालयांत साधी प्रत काढतानाही पडद्यावर परवलीचा शब्द मागितला जाऊ लागला.

निर्बंधांची बाजू

मर्यादित खात्याविरुद्धच्या तक्रारी खऱ्या असल्या तरी त्यामागील कारणे काल्पनिक नाहीत. २००० च्या दशकात टंकलेखन संस्था, सायबर कॅफे आणि छायाप्रतींची दुकाने यांच्यात फिरणाऱ्या पेनड्राइव्हमधून विषाणूंचा मोठा प्रसार झाला. पेनड्राइव्ह लावताच त्यातील आज्ञावली आपोआप सुरू करण्याची विंडोजची सोय त्याला कारणीभूत होती. २००८ च्या अखेरीस आलेल्या कॉन्फिकरने ही वाट वापरली. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोज प्रणालींतील ही सोय अद्ययावतीकरणाद्वारे आवरली. प्रशासक खात्यावर काम करणाऱ्याच्या हातून असा विषाणू सुरू झाला, तर तो संपूर्ण यंत्राचा ताबा घेतो. मर्यादित खात्यावर त्याचा उपद्रव बहुधा त्या खात्यापुरता राहतो.

परंतु मर्यादित खाते हे सर्वरोगहर औषधही नाही. मे २०१७ मधील वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जाळ्यावरील त्रुटीतून थेट प्रणालीच्या अधिकारांनिशी शिरत असे. तेथे वापरकर्त्याचे खाते कोणत्या प्रकारचे आहे याला महत्त्व नव्हते. सुरक्षा अद्ययावतीकरण झाले आहे की नाही याला होते. याशिवाय ज्या धारिका वापरकर्त्याला स्वतःला बदलता येतात, त्या त्याच्या खात्यात शिरलेल्या खंडणीखोर सॉफ्टवेअरलाही कुलूपबंद करता येतात. कार्यालयात मौल्यवान असतात त्या याच धारिका. विंडोज पुन्हा बसवता येते, नोंदवह्या तशा बसवता येत नाहीत.

अधिकारांची अतिकडक अंमलबजावणी उलट परिणाम घडवते, हेही वारंवार दिसते. काम अडले की प्रशासकाचा परवलीचा शब्द कागदावर लिहून कळफलकाखाली ठेवला जातो, सर्व संगणकांना एकच शब्द दिला जातो किंवा तंत्रज्ञच कंटाळून सर्वांना प्रशासक करून टाकतो. प्रत्येक यंत्राला वेगळा आणि ठरावीक काळाने बदलणारा प्रशासक शब्द देणारे 'लॅप्स' हे साधन मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये उपलब्ध केले. मात्र ते मध्यवर्ती व्यवस्थेला जोडलेल्या संगणकांसाठी आहे. सुट्या, एकेकट्या यंत्रांना त्याचा लाभ होत नाही.

अधिकृत पर्याय

प्रशासकाशिवाय चालणारे काही मार्ग संचालन प्रणालीच्या नियमांतच बसतात. क्रोम न्याहाळक २००८ मधील आरंभापासून वापरकर्त्याच्या वैयक्तिक संचिकेत बसू शकतो. पायथनच्या ३.५ आवृत्तीपासून विंडोजवरील त्याची सर्वसाधारण स्थापना केवळ त्या वापरकर्त्यापुरती होते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडने २०१८ मध्ये वैयक्तिक स्थापनेचा वेगळा संच दिला. स्थापना न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या सुवाह्य आज्ञावलीही मिळतात. लिब्रेऑफिसची अशी आवृत्ती उपलब्ध आहे. लिनक्समध्ये अ‍ॅपइमेज आणि वापरकर्त्यापुरते फ्लॅटपॅक हे मार्ग आहेत. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी विकसित केलेल्या बॉस लिनक्समध्ये देवनागरी टंक आणि कळफलक सुरुवातीपासूनच अंतर्भूत असल्याने हा प्रश्न मुळातच कमी होतो. तथापि विंडोजमधील 'अ‍ॅपलॉकर' सारख्या धोरणांनी वैयक्तिक संचिकेतील आज्ञावली चालवण्यास मनाई केली असेल, तर सुवाह्य आज्ञावलींचा मार्गही बंद होतो.

मराठी लेखनापुरता सर्वांत सुटसुटीत पर्याय न्याहाळकातच आहे. मराठी विकिपीडियासह विकिमीडियाच्या प्रकल्पांवर संगणकात काहीही न बसवता इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी पद्धतीने टंकलेखन करता येते. संकेतस्थळाबरोबरच उतरणाऱ्या वेबटंकांमुळे वाचकाच्या यंत्रावर टंक नसला तरी मजकूर दिसतो. मसराम गोंडीसारख्या लिपींसाठी सध्या हाच व्यवहार्य मार्ग आहे. इंटरनेट खंडित असताना मात्र तो उपयोगी पडत नाही.

प्रशासकाचा परवलीचा शब्द परस्पर काढून टाकणे किंवा त्याच्या संमतीविना त्याचे अधिकार मिळवणे हे या पर्यायांत मोडत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ नुसार संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय केलेला प्रवेश नुकसानभरपाईस पात्र ठरतो. अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेल्या अशा कृत्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वैध मार्ग हा लेखी मागणीचा असतो. तीत सॉफ्टवेअरचे नेमके नाव व आवृत्ती, ते कोणत्या खात्यात दिसायला हवे आणि त्रुटीचा क्रमांक नोंदवलेला असल्यास तंत्रज्ञाची दुसरी फेरी टळते. आरमोरीसारख्या ठिकाणी ही दुसरी फेरी म्हणजे आणखी काही दिवस असतात.